वारसनोंद

१९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग-चिकित्सालयांत उपचारासाठी आलेल्या स्त्रियांची एक पाहणी डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली व तिचे निष्कर्ष १९९७ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. करोनाच्या साथीत, २०२० साली, पत्रकार-परिषदांतून जे गृहस्थ शांत स्वरात शंकांचे निरसन करताना साऱ्या देशाने पाहिले, ते हेच. वेश्याव्यवसायाशी ज्यांचा संबंध नव्हता अशा ३९१ स्त्रिया त्या पाहणीत होत्या. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचा आयुष्यात एकाच पुरुषाशी, म्हणजे आपल्या लग्नाच्या नवऱ्याशी, संबंध आलेला होता. आणि तरीही त्या ३९१ जणींपैकी शेकडा १३.६ स्त्रियांच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळून आला.

तोवर या रोगाकडे पाहण्याची दृष्टी जवळजवळ ठरून गेली होती. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन (या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत व्यापारासाठी स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या) आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी वेश्याव्यवसायातील काही स्त्रियांच्या रक्तात हा विषाणू देशात प्रथम शोधून काढला. त्या शोधाचे मोल फार मोठे; परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की रोग कोणत्या वस्तीत राहतो हे आपल्याला समजले आहे अशी सर्वांची समजूत झाली, आणि भिंतींवरच्या घोषणा, सरकारी पत्रके व प्रवचनकारांचे इशारे हे सारे त्या वस्तीच्या दिशेने वळले. घरी चुलीपुढे बसलेली, नवऱ्याच्या पत्राची किंवा मनिऑर्डरीची वाट पाहणारी स्त्री कोणाच्याच यादीत नव्हती. जोखीम तिच्याकडे लग्नाच्या वाटेने आली होती आणि लग्नाला जोखीम म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही.

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत सातारा, सांगली, सोलापूर या बाजूच्या दुष्काळी तालुक्यांतून जे घडत गेले त्याचा नमुना इतका सारखा आहे की एका घराची हकिकत सांगितली तरी ती शंभर घरांची होते. घरचा कर्ता मुलगा ट्रकवर किंवा मुंबईला हमालीवर. वर्षाकाठी दोनदा घरी येणारा. प्रथम त्याला क्षयरोग होतो, तो बरा झाल्यासारखा वाटून पुन्हा उलटतो, मग जुलाब, तोंडातला पांढरा बुरा, झडत चाललेले अंग. तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांची बिले भरण्यासाठी आधी तिचे दागिने, नंतर बैलजोडी जाते आणि शेवटी अर्धा एकर गहाण पडते. रक्ताच्या तपासणीचा कागद येतो तेव्हा तो वाचला जातो सासऱ्यांपुढे, क्वचित थोरल्या दिरापुढे. जिला तो सर्वांत आधी समजावयास हवा तिला ‘पोटाचा आजार आहे’ एवढेच सांगतात. पुढे ती विधवा होते आणि दिवसकार्य उरकल्यावर केव्हातरी, धाकट्या लेकराच्या सततच्या तापापायी किंवा स्वतःच्या खोकल्यापायी, तिचीही तपासणी होते. वय वीस-बावीस, फार तर सव्वीस. पदरात दोन मुले.

यापुढचा भाग अधिक क्रूर आहे, कारण तो रोगाने घडवलेला नाही. नवरा गेला आणि ही चालती-फिरती आहे, त्या अर्थी रोग हिच्याकडूनच आला, असा सिद्धान्त घरात मांडला जातो. नवरा खाणारी, पांढऱ्या पायाची, हे शब्द आपल्या भाषेत विषाणूच्या पुष्कळ आधीपासून आहेत. त्यांना आता प्रयोगशाळेच्या कागदाचा पुरावा मिळतो. वस्तुतः याच घटनेचा अर्थ नेमका उलट आहे. हा विषाणू रक्तातील सी.डी.४ नावाच्या पेशींत शिरून त्यांच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती तयार करवून घेतो आणि त्या पेशींचा हळूहळू नाश करतो. शरीराचा बंदोबस्त मोडून पडण्यास औषधाविना साधारणपणे आठ-दहा वर्षे लागतात. नवऱ्याला लागण लग्नाच्या आधी किंवा लग्नानंतर लवकरच झालेली, हिला ती त्याच्यानंतर काही वर्षांनी. साहजिकच त्याचा अंत आधी येतो आणि ही त्या वेळी वरवर धडधाकट दिसते. तिचे जिवंत असणे हाच पुष्कळदा तिच्या निर्दोषपणाचा पुरावा असतो. पण सुतकातल्या घरात हा हिशेब मांडणार कोण?

औषधांचा इतिहास मात्र आशादायक आहे. तीन औषधे एकत्र दिल्यास विषाणूची वाढ रोखता येते हे १९९६ मध्ये सिद्ध झाले; पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात असल्याने ते ज्ञान गरिबाच्या काही कामाचे नव्हते. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीच तीन औषधे वर्षाला ३५० डॉलर इतक्या दराने गरीब देशांतील रुग्णांसाठी देऊ केली, आणि औषधांच्या जागतिक बाजारात मोठाच गहजब झाला. तरीही आपल्या सरकारी दवाखान्यांतून ती विनामूल्य मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. महाराष्ट्र आरंभीच्या राज्यांत होता आणि मुंबईचे जे.जे. रुग्णालय आरंभीच्या केंद्रांत. २००१ आणि २००४ यांच्या मधल्या काळात जी माणसे गेली, त्यांच्या बायका आज हयात आहेत. त्यांच्याशी बोलताना ही दोन वर्षे शक्यतो उच्चारू नयेत, असे मला वाटते.

सुरुवातीच्या औषधांचा जाचही कमी नव्हता. स्टॅव्ह्युडिन नावाच्या गोळीने गालांवरची चरबी झडून चेहरा खोल जाई, आणि जे लपविण्यासाठी बाई तालुका सोडून दुसऱ्या जिल्ह्यात गोळ्या आणावयास जात असे ते तिच्या चेहऱ्यावरच उमटे. सी.डी.४ पेशी २०० च्या खाली आल्यावरच औषध सुरू करावयाचे, असाही त्या वेळचा दंडक होता. तो पुढे टप्प्याटप्प्याने सैल झाला आणि २०१७ पासून निदान होताच औषध सुरू होते. आज बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकाच गोळीत मिळतात. दिवसातून एक गोळी, पण रोज, आणि आयुष्यभर. विषाणूचा काही अंश शरीरात सुप्त पेशींच्या आड दडून राहतो व औषध थांबताच बाहेर पडतो, म्हणून हा आयुष्यभराचा नेम. खाडे होऊ लागले तर विषाणू औषधाला सरावतो आणि मग तीच गोळी निरुपयोगी ठरते.

गोळी नियमित घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणूंची संख्या तपासणीत सापडू नये इतकी खाली येते, आणि ती तशी राहिल्यास तिच्यापासून शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. युरोपातील शेकडो जोडप्यांच्या दीर्घ निरीक्षणातून हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. आईपासून बाळाला होणारी लागण उपचारांविना शंभरांत पंधरा ते पंचेचाळीस इतकी असते. गरोदरपणात व अंगावर पाजण्याच्या काळात आईने औषध घेतले आणि बाळालाही जन्मल्यापासून काही आठवडे औषध दिले तर ती पाचाच्या खाली येते. जेवणाच्या ताटातून, पाण्याच्या तांब्यातून, डासाच्या चाव्यातून, लेकराच्या पाप्यातून तर हा रोग कधी पसरतच नव्हता. म्हणजे ज्या कारणासाठी तिची ताट-वाटी वेगळी झाली ते कारण पहिल्या दिवसापासून खोटे होते. पण वेगळी काढलेली वाटी परत फडताळात जात नाही, हा अनुभव जवळजवळ सार्वत्रिक आहे.

मला या विषयात जे सांगावयाचे आहे ते इथून पुढे आहे. एच.आय.व्ही. असलेल्या विधवेच्या आयुष्याची पुनर्रचना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे औषध, समुपदेशन, धीराचे शब्द असे काहीतरी येते. ते सारे आवश्यकच आहे. पण ती पुन्हा उभी राहते की नाही हे बहुधा ही औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रात ठरत नाही. ते तलाठ्याच्या दप्तरात ठरते. पतीकडून आलेल्या रोगाची वारस ती विनासायास, अर्जाविना, मुद्रांकाविना झालेली असते. त्याच्या जमिनीची वारस ठरण्यासाठी मात्र तिला चपला झिजवाव्या लागतात.

कायदा तिच्या बाजूचा आहे आणि तो पुष्कळ जुना आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पुरुषाची विधवा, त्याचे मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. त्यांत विधवेचा हिस्सा मुलाच्या हिश्श्याइतकाच. जमीन अजून सासऱ्यांच्या नावे असली तरीही मार्ग बंद नाही, कारण सासऱ्यांच्या पश्चात पूर्वी वारलेल्या मुलाची विधवा व मुले यांना हक्क पोचतो, आणि वडिलोपार्जित मिळकतीत तर तिच्या लेकरांना, महाराष्ट्रात १९९४ च्या व देशभर २००५ च्या दुरुस्तीपासून मुलींनाही, जन्मतःच हिस्सा असतो. पुनर्विवाह केला म्हणून पहिल्या पतीच्या मिळकतीवर पाणी सोडावे लागेल, ही १८५६ च्या विधवा-पुनर्विवाह कायद्यातली मेख होती. तो कायदा १९८३ साली रद्द झाला. तरीही ‘दुसरं केलंस तर रान सोडावं लागंल’ ही धमकी गावोगाव आजही चालते आणि ऐकणाऱ्या बाईला ती खरी वाटते.

प्रत्यक्षात काय होते? हक्क प्राप्त झाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावयाची असते. त्यावर फेरफाराची नोंद होते, हितसंबंधी लोकांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. नवरा गेल्यानंतरचे तीन महिने ही बाई कोठे असते? बहुधा माहेरी, तापाने फणफणलेली. त्या अवधीत दीर वर्दी देतो. वारसांच्या यादीत मुलाचे नाव लागते आणि दीर ‘अज्ञान पालनकर्ता’ होतो, किंवा बाईचे नाव सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात, विहिरीच्या आणि बोज्याच्या शेजारी, जाऊन बसते. कधी ‘कर्ज फेडायला सही पाहिजे’ म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. हे करणारी माणसे फार दुष्ट असतात असेही नाही. ‘ती आता किती दिवसांची?’ असा त्यांचा साधा हिशेब असतो, आणि २००४ पूर्वी तो हिशेब खराही ठरत असे. त्यांची पंचाईत एवढीच झाली की गोळ्या आल्या आणि बाई मेली नाही.

ती परतून आली की मग खरा झगडा सुरू होतो. मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, लग्नाची नोंद नसल्यास सरपंचाचा व शेजाऱ्यांचा जबाब, वारसाचे प्रतिज्ञापत्र, प्रांताकडे अपील. आजारी माणसाने एवढे करावे ही अपेक्षा चमत्कारिक खरी. पण ज्या स्त्रियांनी ते केले त्यांच्या बोलण्यात मला एक गोष्ट वारंवार जाणवली आहे. गोळीने तब्येत सुधारली हे त्या एका वाक्यात सांगतात, आणि फेरफार मंजूर झाला तो प्रसंग तारीख-वारासकट, कोण काय बोलले यासकट, तासभर सांगतात.

२०१७ साली एच.आय.व्ही.-एड्ससंबंधीचा स्वतंत्र कायदा झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून तो अंमलात आला. नोकरी, शिक्षण, उपचार, विमा, भाड्याचे घर यांबाबतीत भेदभावास त्याने मनाई केली. संमतीवाचून तपासणी करण्यास व कोणाची स्थिती उघड करण्यास प्रतिबंध केला. सामायिक घरात राहण्याचा व तेथून घालवून न दिले जाण्याचा हक्क दिला. आणि न्यायालयात टोपणनावाने दाद मागण्याची सोय केली. ही शेवटची सोय आपल्या मुंबई उच्च न्यायालयाला नवी नव्हे: १९९७ साली केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून कामावर न घेतलेल्या एका कामगाराचा दावा त्या न्यायालयाने ‘एम.एक्स.’ या खुणेखाली चालविला आणि कामास समर्थ असलेल्या माणसास या कारणाने नाकारता येणार नाही असा निवाडा दिला. २०१७ च्या कायद्यातील आणखी एक तरतूद मला विशेष मानवी वाटते. आपण असमर्थ झालो किंवा मरण पावलो तर मुलांचा सांभाळ कोणी करावा, हे अशा आईला वा बापाला आधीच लिहून ठेवता येते. ज्या बाईला रात्री झोप लागत नाही तिला बहुधा या एकाच प्रश्नाने लागत नसते.

पोटापाण्याच्या व्यवस्थेबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिच्यात सांगण्याजोगे फारसे नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्तांनाही मदत आहे आणि निराधार विधवांनाही; जाणत्या स्त्रिया तहसील कचेरीत विधवा म्हणूनच अर्ज करतात, कारण दुसऱ्या दाखल्यावर रोगाचे नाव असते आणि त्या खोलीत कोणा नातलगाचा मुलगा कारकून असतो. एस.टी.च्या साध्या गाड्यांत अशा रुग्णांना सवलत आहे, पण ती घेण्यासाठी भरल्या गाडीत कंडक्टरला कार्ड दाखवावे लागते. २०२३ पासून सर्वच स्त्रियांना अर्धे तिकीट झाले, त्याने कित्येकींचा हा पेच परस्पर सुटला असावा. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. आणि स्वयंसेवी संस्थांचे शिलाई-मशीन तर सर्वत्र आहे. एका गावात पाच विधवांना पाच मशीने दिली आणि झंपर शिवून घेणारी गिऱ्हाइके मात्र तेवढीच राहिली, हा प्रकार आपल्याकडील परोपकाराचा स्थायीभाव आहे. दोन शेळ्या, घराच्या पडवीत टपरी, अंगणवाडीतली मदतनीशी, शहरात पोळ्यांची कामे यांनी अधिक घरे तगवली आहेत. आणि ज्यांच्या नावावर वीस-तीस गुंठे रान लागले त्यांची सर्वांत चांगली.

एक नोकरी मात्र या रोगानेच निर्माण केली. पुण्यातून चालणारे एच.आय.व्ही.सह जगणाऱ्यांचे राज्यव्यापी संघटन, चेन्नईत १९९८ साली पी. कौसल्या व त्यांच्यासारख्याच स्त्रियांनी उभारलेले ‘पॉझिटिव्ह विमेन नेटवर्क’, आणि पुढे ‘विहान’ या नावाने चालू झालेली आधार-केंद्रे यांतून लागण झालेल्या स्त्रियाच इतरांच्या समुपदेशक, पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्या झाल्या. नव्याने रिपोर्ट हाती आलेल्या मुलीसमोर डॉक्टरांनी दहा मिनिटे बोलावे आणि तिने काहीच ऐकू नये. आणि मग शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने पिशवीतून आपले हिरवे पुस्तक (एआरटी केंद्रात प्रत्येक रुग्णाला मिळणारी नोंदवही) काढून ‘माझं सोळावं वर्ष चालू आहे गं’ एवढे म्हणावे, यातला फरक कोणत्याही प्रशिक्षणाने भरून येणारा नाही.

लपवाछपवीची कला या स्त्रियांना अवगत करावी लागते. बाटलीवरचे लेबल खरवडून काढणे, गोळ्या साध्या डबीत भरणे, विचारले तर ‘ताकदीच्या आहेत’ किंवा ‘बी.पी.च्या आहेत’ म्हणणे. त्यांत खोटेपणा पाहणारे लोक मला भेटले आहेत. मला तो शहाणपणा वाटतो. सौभाग्याच्या खुणा पुसण्याचे सारे प्रकार बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. कुंकू पुसू नये, बांगड्या फोडू नयेत हे ठरवण्यास धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली काढलेल्या विधवांच्या आश्रमानंतर सव्वाशे वर्षे लागली. तेव्हा दुसऱ्या खुणेच्या बाबतीत समाज उद्याच उदार होईल असे गृहीत धरून कोणी आपला डबा उघडा ठेवावा, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पुनर्विवाहही होतात. एच.आय.व्ही. असलेल्या स्त्री-पुरुषांचे वधू-वर मेळावे महाराष्ट्रात संस्थांनी भरविले आणि त्यांतून संसार उभे राहिले. वर्तमानपत्रांना त्यांचे मोठे कौतुक. परंतु अनेक विधवा त्या वाटेला जात नाहीत. पहिल्या नवऱ्याची शुश्रूषा करून थकलेल्या बाईला दुसऱ्या आजारी पुरुषाची शुश्रूषा पत्करण्यात आधार कमी आणि चाकरी अधिक दिसली, तर तिच्या हिशेबात चूक काढता येत नाही.

ज्या स्त्रिया २००४ च्या सुमारास पंचविशीत होत्या त्या आज पंचेचाळिशी ओलांडून गेल्या आहेत, आणि त्यांचे प्रश्न बदलले आहेत. साखर, रक्तदाब, गुडघे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका एच.आय.व्ही. असलेल्या स्त्रियांना इतरांच्या सुमारे सहापट असतो. तपासणी साधी आहे, तालुक्यालाही होते, पण ‘आता आणखी काय निघायचं राहिलंय’ म्हणून ती टाळली जाते, आणि ही टाळाटाळ आता रोगापेक्षाही घातक ठरू शकते. मुले मोठी झाली आहेत. कित्येकांना आईच्या गोळ्यांचा अर्थ आईने सांगण्यापूर्वीच उमगलेला असतो आणि आई व मूल दोघेही एकमेकांना कळू न देण्याची खबरदारी घेत वर्षानुवर्षे एकाच घरात राहतात. सून आली की तिला सांगावे काय, हा नवा पेच. कायद्याने सांगण्याची सक्ती नाही आणि सांगितले नाही म्हणून सुनेला कोणताही अपाय नाही. तरी पहिल्या नातवाला मांडीवर घेताना आपल्याला कोणी अडवील का, ही धास्ती जात नाही.

आणि जमीन? दहा-पंधरा वर्षे खेटे घालून जिने आपले नाव ‘इतर हक्क’ या रकान्यातून खातेदारांच्या रकान्यात आणले, तिची मुलगी आता लग्न होऊन सासरी गेलेली असते. एखाद्या हंगामात विहिरीच्या कर्जासाठी किंवा ठिबकच्या अनुदानासाठी खाते एकाच्या नावाने असले तर बरे, असे मुलगा म्हणतो, आणि ही बाई लेकीला निरोप धाडते की दिवाळीला येशील तेव्हा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एक सही करायची आहे. बहुतेक लेकी सही करतात. अलीकडे मात्र एखादी कागद आधी वाचायला मागते.